बाऊ

मोरीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी बाहेर एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात पाय घासायची वजरी घेऊन उभी होते.

"दिन्या, दार उघड," मी म्हटलं.

"मी करतो," आतून आवाज आला. "तू जा."

"काय करतोस? पाणी कोण घालणार तुझं तुझ्यावर?"

"मी. मी मोठा हाय."

मागं वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वैजयंता उभी. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर अगदी गरीब गाईचा भाव.

"पाणी मी मघाच आत ठेवलंय, वन्सं," ती म्हणाली. "भावजींना आता आपली आपण आंघोळ करू द्या की. बरं दिसत न्हाई."

काय बरं दिसत नाही, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून भलतंच गेलं असतं. टॉवेल दाराच्या खिळ्याला अडकवला आणि जाऊन शिलाई मशीनवर बसले. त्या दिवशी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी उलट्या जोडल्या.

दिनकर माझा थोरला भाऊ. तेव्हा तो चाळिशीला आला होता, पण डोक्यानं पहिलीच्या वर्गातच बसून राहिलेला. गडहिंग्लजला आमच्या गल्लीत त्याला कुणी दिनकर म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शेंबडी पोरंसुद्धा त्याला दिन्या म्हणायची. मी धाकटी असून दिन्याच म्हणायची, आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्या आईलाही कधी वाटलं नाही. आई गेल्यावर तो माझ्याकडं आला. म्हणजे घर तेच होतं, पण त्याला न्हाऊ घालायचं, भरवायचं, निजवायचं माझ्याकडं आलं. माझ्या लग्नाचं जमता जमता राहून गेलं होतं, त्याचं मला पुढं फारसं वाटेनासं झालं, कारण दिन्याला माझ्यावाचून चालत नव्हतं. हे मला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते चारचौघात ऐकवायचीही.

मग आमच्या धाकट्याचं, विश्वासचं लग्न झालं आणि वैजयंता घरात आली.

पहिल्याच दिवशी ती थोरामोठ्यांच्या पाया पडत पडत दिन्यापाशी आली आणि त्याच्याही पाया पडली. दिन्या आपल्या पायांकडं बघतच राहिला. मग ती म्हणाली, "भावजी, आशीर्वाद द्या." त्यानं माझ्याकडं बघितलं. काय करायचं ते मी सांगेन म्हणून वाट बघत होता. मी काही बोलायच्या आत त्यानं आपला हात तिच्या डोक्याजवळ नेला आणि हवेतच ठेवला, अगदी आमचे काका ठेवायचे तसा. दिवसभर मग तो दारात येईल त्याला सांगत होता, "मी भावजी हाय."

त्या दिवसापासून ती बाई माझ्या मनातून उतरली.

तिनं वाईट काही केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण ती त्याचं ताट आधी वाढायची. त्याच्यासमोर खाली बघून बोलायची. मी त्याला शिवलेल्या इलॅस्टिकच्या चड्ड्या तिनं घडी करून कपाटात ठेवल्या आणि त्याच्यासाठी पांढरे लेंगे आणवले, नाडीचे. नाडी बांधायला त्याला शिकवलं ते विश्वासनं, पण शिकवायला लावलं हिनं. आणि धाकट्या भावाच्या बायकोला कुणी वहिनी म्हणत नाही, तरी दिन्या तिला 'वैनी' म्हणायला लागला. पूर्वी मी मशीनवर बसले की तो खाली बसायचा आणि लोहचुंबकानं सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा. आता टाचण्या तशाच पडून राहायच्या आणि हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तिच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचा.

एकदा खूप दिवसांनी तो मशीनपाशी येऊन बसला, चुंबक फिरवताना टाचणी बोटात घुसली आणि त्यानं बोट माझ्यापुढं धरलं. "बाऊ."

हा आईनं शिकवलेला शब्द. ठेच लागली की बाऊ, ताप आला की बाऊ. आई गेली त्या दिवशी छातीवर हात ठेवून तो मला 'बाऊ' म्हणाला होता. मी त्याच्या बोटावर फुंकर घालत होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"भावजी, बाऊ ल्हान पोरं म्हणत्यात. मोठ्या माणसांनी दुखतंय म्हणायचं."

दिन्यानं बोट काढून घेतलं. "दुखतंय," तो तिच्या दिशेनं म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "न्हाई दुखत."

"शाब्बास," वैजयंता म्हणाली.

मी मशीनचं चाक इतक्या जोरात फिरवलं की दोरा तुटला.

दसरा झाला आणि दिन्याचं बिनसलं. दारातल्या कट्ट्यावर बसायचं त्यानं सोडलं. ताटातला घास तोंडापर्यंत न्यायचा आणि परत ठेवायचा. बसल्या बसल्या स्वतःच्या मांडीवर मूठ आपटायचा, आणि जवळ गेलं की हात झटकायचा. मी बारकाईनं बघत होते, कारण तो कुणाच्या हातचं किती खातो यावर माझी नजर कायमच असायची. तिच्या हातचंही खाईना, हे बघून मला बरंच वाटलं. मग माझ्याही हातचं खाईना, तेव्हा मी त्याला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. वैजयंता न बोलावता मागून आली.

पेठेतले डॉक्टर आमच्या घरचे जुने. दिन्याला त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. म्हणजे नुसतंच बघितलं होतं. त्याला खोकला झाला तरी मलाच विचारायचे, मलाच सांगायचे, आणि तो टेबलाशेजारी उभा असायचा. विश्वासला शिंक आली तर छातीला नळी लावायचे.

"काय म्हणतोय आमचा दिन्या?" त्यांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. दारातून वैजयंता हळूच म्हणाली, "साहेब, जरा पोट दाबून बघता काय त्यांचं?"

"त्यालाच विचारू की," डॉक्टर म्हणाले. "काय रे, पोट दुखतंय?"

"हो," दिन्या म्हणाला.

"डोकं?"

"हो."

"कान दुखतोय?"

"हो."

"आणि हे टेबल? टेबल दुखतंय?"

"हो," दिन्या म्हणाला. डॉक्टर हसले म्हणून तोही हसला.

"बघा. ह्याला काय विचारायचं आणि काय तपासायचं!" त्यांनी कागद पुढं ओढला. "घरात नवीन माणूस आलं, रोजची घडी बदलली, की अशा लोकांचं असंच होतं. हट्ट आहे हा. झोपेची गोळी देतो. तुम्ही उगाच बाऊ करू नका."

दिन्यानं एकदम मान वर केली. डॉक्टरांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा हात लेंग्याच्या नाडीपाशी गेला. तेवढ्यात त्याला दारातली वैजयंता दिसली. त्यानं हात काढला आणि ताठ उभा राहिला.

हे मी बघितलं. आणि माझ्या मनात काय आलं, तर हिला बघून कसा शिस्तीत उभा राहतो! माझ्यासाठी कधी राहिला होता काय असा?

डॉक्टरांचं निदान मात्र मला फार आवडलं. नवीन माणूस! मी काय वेगळं म्हणत होते? मी घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि मगच म्हटलं, "ऐकलंस न्हवं, डॉक्टर काय म्हणाले?"

"ऐकलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी जातो माहेरी थोडे दिवस. भावजींना बरं वाटणार असंल तर..."

"जा की," मी म्हटलं. "मी कशाला अडवू?"

तिनं पिशवी भरायला घेतली. मी दिन्याला गोळी दिली, आणि कपाटातून इलॅस्टिकची एक चड्डी काढून त्याच्या उशाशी ठेवली.

सकाळी उठून बघते तर चड्डी तिथंच, आणि दिन्या ओकत होता. हिरवं पाणी पडत होतं. तोंड पुसायला गेले तर मला ढकलून तो भिंत धरत धरत मोरीत गेला. आतून कडी लागली. विश्वास कारखान्यावर पाळीला गेलेला. वैजयंता पिशवी घेऊन निघायच्या तयारीत होती, ती तशीच दारापाशी आली. मोरीत जायची तिची हिंमत नव्हती. थोरल्या दिराच्या आंघोळीच्या जागी भावजय पाऊल टाकत नाही, अशाच वळणात ती वाढली होती.

"भावजी," तिनं बाहेरून विचारलं, "दुखतंय काय?"

"न्हाई," आतून आलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई म्हणत्यात."

मला पण ऐकू आलं होतं. पण त्याच्यामागून दुसराही आवाज येत होता. मूठ आपटल्याचा, आणि दात आवळून श्वास घेतल्याचा. 'न्हाई' म्हणणारा माणूस असा श्वास घेत नाही. आणि मला एकदम कालची ती वर झालेली मान आठवली. डॉक्टर सगळं विचारत होते तोपर्यंत दिन्या नुसता हो हो म्हणत होता. त्यांच्या तोंडातून तो एक शब्द बाहेर पडला, आणि त्याला वाटलं, अखेर कुणीतरी विचारलं.

"तू जरा मागं परड्यात जा," मी वैजयंताला म्हटलं.

"अवो पण..."

"जा म्हणतो न्हवं! पार टोकाला जा. त्याला ऐकू येईल अशी जा."

ती गेली. परड्याचं दार वाजलं. मी मोरीच्या दाराला तोंड लावलं.

"दिन्या," मी म्हटलं. "बाऊ?"

आत मूठ थांबली.

"बाऊ झालाय काय माझ्या राजाला? मी एकटीच हाय. कुणी न्हाई इथं."

कडी निघाली.

लेंगा त्याच्या पायात पडला होता. जांघेत पेरूएवढी गाठ आली होती, ताणून लालभडक झालेली. पोट टम्म फुगलं होतं. त्यानं माझा हात धरला आणि गाठीजवळ नेला, पण टेकू दिला नाही.

"बाऊ," तो म्हणाला. "आत जाईना."

"आत जाईना म्हंजे?"

त्यानं तळहातानं दाबून दाखवलं. "रोज जातो. आज न्हाई."

म्हणजे कितीतरी दिवस कडीच्या आत हा एकटा ती गाठ आत ढकलत होता. आणि बाहेर नाडीचा लेंगा घालून भावजी होऊन वावरत होता.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"वैनीला सांगू नको," तो म्हणाला. "मी मोठा हाय."

शेजाऱ्यांना हाक मारायला मी वळले. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या आधी एक क्षण मला आनंद झाला. तिला त्यानं पाया पडू दिलं होतं, शेंगा फोडून दिल्या होत्या, सगळं दिलं होतं. बाऊ मात्र माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शेजारच्यांनी विश्वासला निरोप धाडला. आम्ही रिक्षातून सरकारी दवाखान्यात गेलो. दिन्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वैजयंता कडेला अंग चोरून बसली होती, त्याला धक्का लागू नये म्हणून, आणि त्याच्या चपला तिनं पदरात धरल्या होत्या. माहेरची पिशवी घरी तशीच पडली होती.

तिथले सर्जन तरुण होते. त्यांनी गाठीला हात लावला आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला.

"हर्निया आहे. आतडं अडकलंय," ते मला म्हणाले. "ह्यांना कोल्हापूरला न्या."

"इथं होत न्हाई काय ऑपरेशन?"

"होतं. पण अशा पेशंटचं नको. भूल उतरली की धिंगाणा घालतात, टाके उपसून काढतात. मग सगळंच अवघड होतं."

"कोल्हापूरपातूर टिकंल काय तो?"

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही पण विचार करा ताई. एवढं सगळं करून..."

पुढचं अर्धं वाक्य मला पाठ होतं. आई ते डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, नातेवाइकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आली होती. मी भडकले.

"एवढं सगळं करून काय? बोला की पुढं! तुमचा भाऊ असता तर असंच अर्धं सोडलं असतं काय?"

डॉक्टरांनी मान फिरवली आणि सिस्टरला कोल्हापूरची चिठ्ठी लिहायला सांगितलं. माझ्या तोंडानं मी काम बिघडवून ठेवलं होतं. दिन्या स्ट्रेचरवर पडून छताकडं बघत होता, आणि त्याच्या कपाळावरचा घाम कानात जात होता.

तेव्हा वैजयंता पुढं झाली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, ते माझे थोरले भावजी हायत. एकदा त्यांना सांगून बघता काय?"

"काय सांगू?"

"टाक्याला हात लावायचा न्हाई, म्हणून. वन्संना नको, त्यांना सांगा. त्यांच्याकडं बघून."

डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे. ते स्ट्रेचरवर वाकले. "हे बघ..."

"बघा म्हणा," वैजयंता खाली मान घालून म्हणाली. "दिनकरराव म्हणा."

डॉक्टर जरा थबकले. "बघा, दिनकरराव. तुमचं ऑपरेशन करायचंय. टाके पडतील. त्यांना हात लावायचा नाही. कळलं?"

"हो," दिन्या म्हणाला.

टेबल दुखतंय काय विचारलं तरी हा हो म्हणतो, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही ते कळलं असावं. त्यांनी सरळ होत म्हटलं, "हो तर सगळेच म्हणतात."

पण काल दारात तीही उभी होती. तिनंही ते टेबल ऐकलं होतं. ती वाकली आणि दिन्याला म्हणाली, "भावजी, टाक्याला हात लावायचा काय?"

आता हा हो म्हणणार आणि सगळं संपणार. दिन्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. दुखण्यानं त्याचा चेहरा वाकडा झाला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "मोठी माणसं लावत न्हाईत."

डॉक्टर त्याच्याकडं बघत उभे राहिले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्याचा चेहरा बघितला असेल. मग त्यांनी सिस्टरच्या हातातली चिठ्ठी घेतली, चुरगाळली, आणि म्हणाले, "ओटी तयार करा."

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. बाकावर मी एका टोकाला बसले, वैजयंता दुसऱ्या टोकाला. मला तिचे उपकार मानायला हवे होते, पण मी मनात घोकत होते की कडी माझ्या शब्दानं निघाली, माझ्या. ती पुटपुटत जप करत होती. तिच्या मांडीवर अजून त्या चपला होत्या.

आतडं काळं पडायच्या आत सुटलं. आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, पण दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात आले की आधी कॉटजवळ जायचे आणि विचारायचे, "काय दिनकरराव?" दिन्या ताठ व्हायला बघायचा. टाक्यांना त्यानं बोट लावलं नाही. दोन्ही हात छातीवर बांधून झोपायचा, फोटोतल्या माणसासारखा.

आता त्याचे केस पिकलेत. वैजयंताच्या पोरी कॉलेजात जातात आणि त्याला थोरले पप्पा म्हणतात. त्याला दवाखान्यात न्यायचं झालं की आम्ही दोघी जातो. ती विचारते, दुखतंय काय. मी विचारते, बाऊ काय. डॉक्टर नवा असला तर चक्रावतो. पण त्याला मी सांगते, आधी हात लावून तपासा, मग तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा.

तर त्या वेळची गोष्ट. टाके काढायच्या आधी एकदा पट्टी बदलायला ड्रेसर आला, सोबत ट्रे घेऊन. मी उठून चादर बाजूला करायला लागले.

"बाहेर जा," दिन्या म्हणाला.

मी वैजयंताकडं बघितलं. "जा गं. ऐकू आलं न्हाई?"

"दोघी," दिन्या म्हणाला.

मी चादर सोडली. ड्रेसर हसला आणि त्यानं आमच्यामागं दार लोटलं. व्हरांड्यात आम्ही दोघी दाराला कान देऊन उभ्या राहिलो, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

आतून दिन्याचा आवाज आला, अगदी सावकाश, शब्द जुळवत. "दुखतंय हो. हळू."

वैजयंतानं पदर तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले आणि तोंड असं फुललं, की मला ते बघवेना. 'हो' सुद्धा लावला होता त्यानं पुढं! शिकवलं तिनं. म्हणाला तिचं. म्हणजे आता मला कडीबाहेरच उभं राहायचं होतं.

तेवढ्यात आत चिकटपट्टी टर्रकन ओढल्याचा आवाज झाला.

"बाऊ!" दिन्या ओरडला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

मी मान ताठ केली. "ऐकलंस?"

"ऐकलं की, वन्सं."

"तो माझा हाय."

"तुमचाच की," वैजयंता डोळे पुसत म्हणाली. "मी कुठं मागतो?"

"मागून तर बघ," मी म्हटलं.